श्वास वजा जाता

२ तारीख

आजपासून मी प्रयोगशाळेची माणूस! स्वतःचं टेबल, स्वतःची खुर्ची (एक चाक नाही, पण सांगतंय कोण) आणि मोठी खिडकी, काचेपलीकडे यंत्राची खोली. आईला वाटतंय मी काहीतरी शोध लावणार. शोध कसला डोंबलाचा, झाडलोट आहे सगळी. इथल्या यंत्रात एक बंद कप्पा आहे. त्यात पदार्थ ठेवून त्यातून अवरक्त प्रकाश सोडतात. पदार्थ त्यातला स्वतःच्या आवडीचा तेवढा गिळतो आणि आलेखात तिथे खड्डा पडतो. त्या आलेखाला म्हणायचं स्पेक्ट्रम. कित्येक वर्षांचे असे स्पेक्ट्रम इथे फायलींत कसेही कोंबून ठेवलेत. ते नीट लावून सार्वजनिक संग्रहात जमा करायचे, म्हणजे जगातल्या कुणालाही ते उतरवून घेता येतील. संग्रहाने स्वीकारले की माझी नोकरी पक्की, नाहीतर घरचा रस्ता.

साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव एरंडेल ठेवून टाकलं. माझ्याआधी इथे एक बाई होती, ती काम अर्धवट टाकून गेली म्हणे. गेली तर गेली, माझं तर भलं झालं.

६ तारीख

संग्रहाच्या तपासनीस बाईंनी अख्खा गठ्ठा परत पाठवला. प्रत्येक स्पेक्ट्रममध्ये एक खड्डा फुकटचा आहे, माणसाच्या श्वासाचा. म्हणजे आधीची बाई कप्प्याचं झाकण उघडं टाकून तिथेच उसासे सोडत बसली असणार. आणि बोलणी खाल्ली कुणी? मी. चोर सोडून संन्याशाला फाशी.

उपाय एरंडेलानेच सांगितला. रिकाम्या कप्प्यात एक फुंकर मारायची, त्या फुंकरीचा स्पेक्ट्रम घ्यायचा आणि तो सगळ्या फायलींतून वजा करायचा. मी गमतीने म्हटलं, साहेब, तुमची छाती मोठी, तुम्हीच मारा. तर माणूस चक्क दारापर्यंत मागे सरकला आणि म्हणाला, ज्याचं काम त्यानेच करावं. एवढं काय झोंबलं कोण जाणे. मारली मी, चांगली पोटापासून.

९ तारीख

स्वीकारलं!! सगळे आलेख कसे धुतल्यासारखे. गठ्ठ्याला कायमचा क्रमांक मिळाला, नोकरी पक्की झाली, आणि फोनवर आई रडली. संग्रहाच्या पानावर किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडा दिसतो, आणि मी वेड्यासारखी तोच बघत बसलेय. वाढतोय हो भराभर. संध्याकाळी जिना चढताना मात्र धाप लागली. खाणं कमी करायला हवं.

१३ तारीख

आई म्हणते, तू घोरायची थांबलीस. इतकी वर्षं माझ्या घोरण्याने झोप नाही म्हणून कटकट, आता आवाज नाही म्हणून झोप नाही. माझ्या नाकापुढे हात धरून बसते. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं ठणठणीत आहेत. मग बोलताना माझं वाक्य मध्येच का तुटतं?

आकडा वाढला की छातीतून कुणीतरी घोट घेतं. वेडेपणा वाटतो, म्हणून आज खालच्या मजल्यावरच्या दुरुस्तीवाल्याला गळ घातली. तू तुझ्या टेबलावरून तो गठ्ठा उतरवून घे, केव्हा ते मला सांगू नकोस. मी पाठ करून बसले, आणि घोट गेला की फोनवर सांगत गेले, आत्ता. परत आत्ता. सुरुवातीला तो हसत होता. मग घड्याळाशी वेळा ताडून बघायला लागला. मग वर आला आणि म्हणाला, बाई, मी पुन्हा त्या पानाला हात लावणार नाही.

त्याने नाही लावला तरी बाकीचं जग आहेच. मी फायलींतून माझा श्वास वजा केला. आता जो कुणी त्या उतरवतो, तो माझा श्वास वजा करतो.

१४ तारीख

एरंडेलाला सांगितलं, गठ्ठा मागे घ्या. नाही म्हणाला. सार्वजनिक म्हणजे सार्वजनिक, क्रमांक कायमचा असतो. वर पहिल्यांदाच गोड आवाजात म्हणाला की माणूस दिवसाला हजारो श्वास घेतो, तुम्हाला काय कमी पडणार आहे. आधीच्या बाईंनीही असाच तमाशा केला होता.

तिच्या घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला. आधीचा गठ्ठा तिने साफ केला होता, स्वतःच्या फुंकरीने. ती उसासे टाकत नव्हती. धापा टाकत होती. फुप्फुसं ठणठणीत होती, म्हणाला. होती.

मेल्या एरंडेला, तुझं वाटोळं होवो. तुला माहीत होतं.

१६ तारीख

तपासनीस बाई म्हणतात, सुधारित आवृत्ती चालेल. म्हणजे माझा श्वास परत मिळवता येईल — पुन्हा फुंकर मोजायची आणि सगळ्या फायलींत मिळवायची. जुनी मोजणी एरंडेलाने पुसून टाकलीय.

कप्प्यात तोंड घातलं. फुंकलं. रेघ सरळ. पुन्हा — सरळ. गाल फुगवून, डोळे बाहेर येईस्तोवर — सरळ. यंत्राच्या हिशेबी समोर कुणीच नाही.

आवाज गेलाय. आईशी पाटीवर लिहून बोलते. ती विचारते कुणी केलं हे. मी लिहिलं नाही. ती भांडायला येईल.

१७ तारीख

आली.

मी खुर्चीत. उठवत नाही. काचेपलीकडे आई, एरंडेल, यंत्र. आधी तावातावाने बोलत होती. आता ऐकतेय. मान हलवतेय. तो झाकण उघडतोय.

त्याच्या टेबलावर दुसरा गठ्ठा तयार आहे. काल पाहिला. साफ करायचाच आहे तेवढा —

तिला सांगितलं असणार, तुमच्या फुंकरीने लेकीचा श्वास परत येईल. आई काय, विहिरीत उडी मारायला सांगितली तरी —

काचेवर मूठ मारली. आवाज झाला नाही. ओरडायला वाराच नाही अंगात.

हे पान धरलं काचेला. तिने पाहिलं. हसली. हात हलवला, घाबरू नकोस म्हणून. चष्मा नाही डोळ्यावर. मोठं लिहिते

आई फुंकू नकोस

आई खोटं बोलतोय तो

आई माझ्याकडे बघ इकडे बघ वाकू नकोस आई फुं