टोकाच्या अलीकडचा वारा

इंझोरी, फेब्रुवारी १९७६

प्रिय जगदेव,

सप्रेम जयभीम. तूर निघाली, हरभरा सोंगायला आला आहे. माझी तब्येत बरी आहे. तुझी माय गेल्यापासून एकट्यापुरती चूल पेटवायचा कंटाळा येतो, म्हणून कधी शेजारची रंगूबाई भाकर-भाजी झाकून आणून देते. ताट ठेवताना तिचा सवाल ठरलेला, "जगदेव काहून येऊन नाई राह्यला?" मी म्हणतो, हवामान खात्याची सरकारी नोकरी आहे, सुट्टी भेटत नाही. तिला ते पटत नाही, पण ती जास्त विचारत नाही. ती गेली की घरात माझ्याच चपलांचा आवाज उरतो.

दिवाळीनंतर तुझं एकच पत्र आलं. बाबल नावाचा तुझ्या ओळखीचा कोळ्याचा पोरगा होडी उलटून बुडाला. निघताना त्यानं तुला वारा विचारला होता, तू यंत्र पाहून मंद आहे म्हणालास, आणि त्याच वेळी डोंगराच्या टोकापलीकडच्या किनाऱ्यावरचं यंत्र तिप्पट वारा दाखवत होतं. साहेबांनी दोन्ही यंत्रं शेजारी लावून तपासली, दोन्ही बरोबर निघाली, तुझ्यावर ठपका आला नाही. एवढं लिहून तू गप्प झालास. मी पत्रं टाकत राहिलो. उत्तर नाही.

दोन्ही यंत्रं खरी, तर वारे दोन कसे, हे माझ्या डोक्यात बसेना. आपल्या गावापासून वावर असतं तेवढंच तर अंतर. पण खरं सांगायचं तर तुझं गप्प राहणं मला सोसेना. संक्रांत झाल्यावर कोणाला न सांगता निघालो. वाशीमहून गाडीनं अकोला, तिथून मुंबई, मग एसटी. समुद्र जन्मात पहिल्यांदा पाहिला, पण पाहण्यात मन नव्हतं. तुझ्या खोलीला कुलूप. चौकीदार म्हणाला, ते तर बदली मागून सोलापूरला गेले, तुम्हाला कळवलं नाही का? मी म्हणालो, कळवलं होतं, माझ्याच ध्यानातून गेलं. परक्या माणसापुढं दुसरं काय बोलणार होतो? तुझ्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो.

माणूस भला होता. त्यानं मला फिरवून आणलं. तुझ्या किनाऱ्याच्या उत्तरेला डोंगर समुद्रात घुसला आहे. उत्तरेचा वारा त्याच्यावर आपटतो आणि डोक्यावरून निघून जातो. यंत्राच्या वाट्या सावकाश फिरत होत्या, माझ्या धोतराचा सोगाही हलत नव्हता. मग पायवाटेनं टोक ओलांडलं, तर टोपी उडाली आणि डोळ्यांत वाळू गेली. तिकडे आडवं काहीच नाही, वर खाडीच्या खिंडीतून वारा दाबून येतो. यंत्र जिथं उभं असतं तिथलंच सांगतं, असं चौकीदार म्हणाला. साहेबांनी कागदावर लिहिलं ते मला तिथं पायाखाली कळलं.

तरी माझं समाधान झालं नाही. मी बाबलचं घर विचारत गेलो. त्याचा बाप जाळं सांधत बसला होता. त्यानं बसायला सांगितलं, पण मला बसवेना. उभ्यानंच म्हणालो, "माया पोराच्या सांगण्यानं तुमचा पोरगा गेला, असं त्याले वाटून राह्यलं."

त्यानं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आमची पोरं चालायला लागल्यापासून टोकापलीकडचा वारा ओळखतात. बाबलला यंत्राची काय गरज? त्या दिवशी मीच त्याला जाऊ नको म्हटलं होतं, ऐकलं नाही. तुमचा मुलगा घरदार सोडून एकटा राहतो म्हणून हा रोज जाता-येता वारा विचारायचा. तेवढंच दोन शब्द बोलणं व्हायचं."

मग मी बसलो.

त्याच्या बायकोनं जेवू घातलं. मला माशाचे काटे काढता येईनात, तर त्या बाईनं माझ्या ताटातले काटे स्वतः काढून दिले. काढता काढता तुझं विचारलं. दोघं रोज आमच्या ओट्यावर बसायचे, म्हणाली. एकाला समुद्रानं नेलं, दुसरा तोंड न दाखवता गेला. आमचं काय चुकलं? सोलापूरचा पत्ता दुसऱ्या दिवशी तुझ्या कचेरीतून घेतला.

तुला वाटेल, बाबा घरी बोलावण्यासाठी लिहीत आहे. बोलवावंसं फार वाटतं रे, रोज वाटतं. पण हे पत्र त्यासाठी नाही. तू सुट्टी घे आणि आधी तिकडे जा. तुला पाठवीन असा मी त्या माउलीला शब्द देऊन आलो आहे. त्यांच्या ओट्यावर बस, ती वाढेल ते जेव, रडू आलं तर तिथंच रड. ते माझ्यापेक्षा जास्त दिवसांपासून तुझी वाट पाहत आहेत. त्यांच्याकडून निघालास की मग इंझोरीला ये. मी कुठं जात नाही.

तुझाच,
बाबा