सावरीचा खांब

प्रिय नाहीद,

‘प्रिय’ लिहायची इच्छा नव्हती. पण कॉलेजात असताना दर रविवारी चंद्रपुरात तुझ्या घरी जेवले आहे, खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून लिहिलं. ताटात दुसऱ्यांदा वाढताना तुझे अब्बा, जलालुद्दीनचाचा, म्हणायचे, ‘शरमतेस काऊन मंगली, तू काही पाहुनी नाई.’ त्यांना माझा सलाम सांग. तुझ्यासाठी मात्र पुढे गोड काही नाही.

तू अलास्कात, कोडियाक बेटावर, अलुतिक लोकांच्या संग्रहालयात काम शिकायला गेली होतीस ते दिवस आठव. तुझे लांबलचक निरोप मी भामरागडच्या बाजारात मोबाइलला रेंज आली की ऐकायचे, भाजीची पिशवी पायाशी ठेवून. पाणमांजरांच्या कातड्यांसाठी रशियन व्यापारी तिथे आले, बायकापोरं ओलीस ठेवून पुरुषांना शिकारीला जुंपलं, आणि वर नावही बाहेरच्यांनीच दिलं. ते स्वतःला सुग्पियाक म्हणतात, म्हणजे खरी माणसं, हे तूच सांगितलंस. पुढे शाळेत आपली भाषा बोलली म्हणून त्यांच्या पोरांना मार बसायचा. ते ऐकताना मला आश्रमशाळेतल्या गुरुजींची छडी आठवली. आमच्या माडिया भाषेत पाणी मागितलं म्हणून मीही हातावर वळ घेतलेत.

सगळ्यात जास्त तू रडलीस ती हाडांसाठी. अभ्यासाच्या नावाखाली त्यांच्या गावातून शेकडो पूर्वज उकरून नेले, ते वॉशिंग्टनच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिले, आणि गाव भांडलं तेव्हा कुठे परत येऊन मातीत गेले. त्यांचे मुखवटेही तसेच फ्रान्सला गेलेले. खरं तर नाच झाला की गावकरी स्वतःच त्यातले काही मोडून टाकायचे किंवा गुहेत लपवायचे, कारण त्यांचं काम संपलेलं असायचं. ‘मंगली, दुसऱ्याचं माणूस कपाटात कसं ठेवतात गं?’ असं विचारताना तुझा आवाज फुटला होता. मी तुझ्यावर विश्वास ठेवला तो त्या आवाजामुळे.

आणि तूच माझ्या बाबाला उचलून नेलंस.

मी शाळेच्या कामाला गडचिरोलीला गेले होते तेव्हा तू जीप घेऊन आलीस. गावाच्या शिवेवरचा बाबाचा खांब प्रदर्शनापुरता नेते, दिवाळीपर्यंत आणून देते म्हणालीस. माझा भाऊ इसरू भोळा. तो एवढंच म्हणाला, ‘सांभाळून न्याजो बाई, बाबा आहे तो.’ दिवाळी गेली, होळी गेली. तू फोन उचलणं सोडलंस.

तो खांब काय आहे हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. आमच्या अंगणात बसून तूच मायचं बोलणं रेकॉर्ड केलं होतंस. गेलेल्या माणसाचा खांब आम्ही सागाचा करत नाही, सावरीचा करतो, कारण सावर लवकर कुजते. खांब उभा असतो तोवर माणूस शिवेवर थांबलेला असतो. वाळवीनं खांब संपवला की तो मातीत उतरतो, पूर्वजांत जातो. म्हणून आम्ही त्याला तेल लावत नाही, वर छप्पर घालत नाही. तू मान हलवत ऐकलंस, आणि मायच्या हातची आंबील दोनदा मागून प्यालीस.

तू आता इथे नोकरी करतेस त्या संग्रहालयात मागच्या महिन्यात मी येऊन गेले. तू दौऱ्यावर होतीस. काचेमागे दिव्याखाली बाबा उभा. अंगावर सुकलूकाकानं कोरलेले मासे आणि चंद्र. खाली पाटी, ‘लुप्त होत चाललेल्या जमातीची काष्ठकला, कारागीर अज्ञात.’ सुकलूकाका अज्ञात? आमच्या शेजारी राहतो तो, रोज सकाळी कोंबड्यांना शिव्या देतो. आणि लुप्त कोण, मी? तिकीट काढून समोर उभी होते मी. काचेवर हात टेकला तर पहारेकरी म्हणाला, ‘बाई, हात नका लावू.’ पाटीवर पुढे मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं की खांबाला औषध पाजलंय, आता त्याला वाळवी कधीच लागणार नाही. मी तिथेच खाली बसले. तुम्ही बाबाला कायमचा उभा करून ठेवलात, नाहीद. चोरानं निदान विकून खाल्लं असतं. तू जतन केलंस, ह्याचाच मला जास्त संताप येतो.

हे सगळं मी फोनवर बोलले असते, पण तू उचलत नाहीस, आणि आता थांबता येत नाही. माय गेली. नवराबायकोचे खांब शेजारी उभे करतात, दोघं मिळून मातीत जावेत म्हणून. तिचा खांब कोरून अंगणात आडवा पडलाय, तो एकटा कसा उभा करायचा? शेवटपर्यंत ती इसरूला समजावत होती, ‘राग नोको करू, नाहीद आणून देते.’ पावसाळ्यात पर्लकोटा नदीवरचा पूल बुडून वाट बंद व्हायच्या आत बाबाला घेऊन ये. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नकोस, स्वतः ये. सुकलूकाका म्हणतो, औषध जिथवर मुरलंय तिथवर वासल्यानं तासून काढू. त्यात मासे जातील, चंद्र जाईल, उरेल ते साधं लाकूड. आम्हाला तेवढंच हवंय. तो तासेल तेव्हा खांब तू धरायचास. खाली पडलेल्या ढलप्या पाहिजे तर काचेत ठेवायला घेऊन जा. आंबील करून ठेवते.

रागानं पेटलेली, तरी तुझीच,
मंगली