कागदाची पाठ

कुरुंदा,
४ एप्रिल २००२

ती. चंद्रभागाताईस संपतचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीपासून पत्र नाही म्हणून रागावली असशील. हे अक्षर बघून म्हणशील, संप्यानं मुनीम ठेवला का काय! न्हाई गं. वसमतला लग्नपत्रिका छापणारा हरिचंद आहे, त्याच्या दुकानी कॉम्प्युटरवर मी स्वतः बसून लिहून राहिलो. एकेक कळ हुडकायची आणि दाबायची. चुकलं की मशीन मागं मागं येत अक्षर खातं, म्हशीनं पेंड चाटावी तसं. खाडाखोड दिसतच नाही. शिवाय अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं. तुझे डोळे अधू झालेत, म्हणून चांगलं टपोऱ्या ज्वारीएवढं करून घेतलं. हरिचंद म्हणाला, मामा, यवढं मोठं तर आमी नवरदेवाचं नावबी काढत न्हाई. म्हटलं, काढ तू, माझी बहीण नवरदेवाहून मोठी आहे.

हळद शिजवून झाली, आता वाळून राहिली. प्रभूला आणि सूनबाईला आशीर्वाद. आपल्या लोभाला भोसरीचा वारा लागू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
संपत

भोसरी,
१५ एप्रिल

चि. संपतरावास अ. उ. आ.

मी सांगून राहिले, सीमा लिहून राहिली. सून आहे, पण अक्षर लेकीसारखं काढते.

तुझं पत्र आलं तेव्हा प्रभू कंपनीत होता, सीमा कामावर. पोस्टमन म्हणाला, आजी, कुरुंद्याचं आहे. पाकीट फोडलं, तर कागदाचा कोपरा फाटलेला. फाटल्या कोपऱ्याचं पत्र कशाचं असतं, हे का तुला सांगायला पाहिजे? मग पाठीवरून बोट फिरवलं. तुझा हात म्हणजे नांगर, कागदाच्या पाठीवर सऱ्या उठतात. इथं सगळं गुळगुळीत. छापील. इतके दिवस पत्र नव्हतंच. मला वाटलं, हे तुझ्या तेराव्याचंच आलं. नळाखाली बसून डोक्यावरून पाणी घेतलं आणि सीमा येईपर्यंत ओल्या लुगड्यानं तशीच बसून राहिले. तिनं वाचलं, तर आत काय? म्हैस आणि पेंड! मेल्या, हसू का रडू?

आता खरं ऐक. दिवाळीपासून मला दिसत नाही. उजेड तेवढा कळतो. तू बैलाएवढं अक्षर काढलंस तरी मला काय उपयोग? तुझी जुनी पत्रं मी बोटानं चाचपते. वर ‘ताई’ कुठं लिहिलंय, ते बराबर सापडतं. म्हणून ते मशीन हरिचंदलाच राहू दे. तू हातानं लिही, दाबून लिही. आणि तुला माझी आण आहे, आपल्या दोन्ही घरांतून कोपरा फाडलेलं पत्र निघायचं नाही. कुणीही गेलं तरी.

माझा आशीर्वाद तुझ्या उंबऱ्याशी बसून आहे.

चंद्रभागा

कुरुंदा,
२५ एप्रिल

ती. ताईस संपतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि ओट्यावर तसाच बसून राहिलो. अगं, अक्षर मोठं केलं म्हणून कागद जास्ती लागले. हरिचंदनं ते पिनेनं जोडून दिले. घडी नीट बसेना, म्हणून मी पिन उपसली, डाव्या हातानं. कोपरा तेव्हा गेला.

डाव्या हातानं काहून, असं विचारशील. संक्रांतीला अंगावरून वारं गेलं. उजवा हात लाकूड झालाय. तुझ्या डोळ्यांसाठी मशीनवर बसलो म्हणालो, ते निम्मंच खरं. तुला तकलीफ नको म्हणून बाकीचं दडवलं. तूही दडवलंसच की! एका आईची लेकरं. तू आंधळी, मी थोटा. दोघं मिळून आता एक धड माणूस होतो बघ.

हेही मशीनवरच लिहिलंय. पण खाली डाव्या हातानं ‘ताई’ काढलंय, सगळा जोर लावून. आधीचे कागद फाटले, हा टिकला. बाजूला ओल्या हळदीचा अंगठा आहे, वास घे. पेरणीआधी तुला न्यायला येतो. तोवर माया उतू जाऊ दे, विझू देऊ नको.

संपत

वसमत,
२० मे

चि. सौ. सीमास अ. उ. आ.

बाई, तुझं पत्र मिळालं. गावातले फोन बंद पडलेले, त्यात तुझा काय दोष? पत्र पोचेतो ताईचा दहावाही होऊन गेला. तू तिची आण पाळलीस, कोपरा फाडला नाहीस, हेही बराबरच केलंस. पण झालं काय, ते ऐक.

पोस्टमननं तुझं अंतर्देशीय पत्र एसटीच्या थांब्यावर हातात दिलं. कोपरे बघितले, चारी शाबूत. म्हटलं, आल्या ताईच्या शिव्या! न फोडताच खिशात घातलं आणि हसत गाडीत चढलो. हरिचंदपुढं मिरवलं. ताईनं काय लिहिलं असंल, ते मला न वाचताच ठाऊक. म्हणून आधी उत्तरालाच बसलो. ‘ताई, सोमवारी येतो, लुगडी बांधून ठेव’ इथवर आलो. मग पत्र हरिचंदकडं दिलं, एका हातानं ते फुटेना. तो मोठ्यानं वाचायला लागला आणि मधेच थांबला.

शेवटी तिचं बोट माझ्या त्या वाकड्या ‘ताई’वर होतं, असं तू लिहिलंस. तेवढ्यावर मी राहिलेले दिवस काढीन.

मशीनवर तिला लिहायला घेतलेलं पत्र तसंच उघडं होतं, टपोऱ्या अक्षरात. हरिचंदनं हळूच विचारलं, मामा, पुसू का? म्हटलं, कागदावर काढ. त्यानं काढून हातात दिलं. मी डोळे मिटले आणि कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. काहीच न्हाई. त्या दिवशी नळाखाली बसण्याआधी तिच्या बोटाला हेच लागलं होतं.

न्यायला येतो म्हणालो होतो, तो सोमवारी येतोच. तिची लुगडी तेवढी बांधून ठेव.

ताईच्या वाट्याचा लोभ आता तू सांभाळ.

तुझा मामा,
संपत