तापाच्या तक्त्यावर ७६

बबडे,

तू बजावूनही तुझ्या कॉम्प्युटरला मी हात लावला आहे. ओरडण्याआधी पुढचं वाच.

तुझी फिल्म तयार व्हायला तो अकरा तास मागत होता आणि स्पर्धेची मुदत आज पाचला संपते. म्हणून पहाटे तू झोपलेली असताना मी प्रोसेसरचा वेग एकेक पायरी वाढवत नेला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मलाही परवाच कळलं. तीनदा स्क्रीन काळी झाली (आईला सांगू नकोस). मग एक पायरी खाली उतरलो आणि पठ्ठ्या तासभर न कुरकुरता पळाला!

साडेसातला फिल्म लावली आहे. आता नऊच तास दाखवतोय, म्हणजे साडेचारला तयार.

समोरचा टेबलफॅन आमच्या खोलीतला आहे, हलवू नकोस. दर तासाला तापमान बघून फ्रिजवरच्या तुझ्या तापाच्या तक्त्यातच पुढे लिही. शेवटचा आकडा ७६ आहे. आई किंचाळली तर सांग, पेशंट वेगळा आहे. नव्वदच्या वर गेला तर मला ऑफिसात फोन कर.

तुझे पंधरा दिवस तापानं खाल्ले. त्यातले दोन तास मी ओढून परत आणलेत.

बाबा