लाल पेन्सिलीची सभा

४ फेब्रु. ८६
उज्वलानं डबा तसाच परत आणला. मी सांगते, ती लिहिते. पेन तिच्याच हातात, म्हणून हेही तिनंच लिहायचं: नात रडली. नाक पूस गं आधी, शाई पसरेल.
कॉम्प्युटरच्या हापिसात ही प्रोग्राम लिहिते. मशीननं काय करायचं ते कागदावर मांडायचं. मशीनला देण्याआधी बरोबरीच्या सगळ्यांनी बसून तो वाचायचा, चुकीला लाल पेन्सिल. त्यातला सबनीस हिची चूक मोठ्यानं वाचतो. वर विचारतो, "मॅडम, झोपेत लिहिलं का?" बाकीचे खिदळतात.
मेल्याच्या जिभेला फोड येवोत. हेही लिही. खोडू नकोस, मला वाचता येत नसलं तरी खोडलेलं दिसतं.

७ फेब्रु.
"आजी, मी नोकरी सोडते." कालपासून एवढंच.
म्हटलं, आमच्या बिल्डिंगीत पापड लाटणाऱ्या बायका एकमेकींचे पापड उजेडाला धरून बघतात. कमलनं चारचौघींत माझा पापड जाड म्हणून बाजूला टाकला. दिवाळीपासून बोलत नाही तिच्याशी. पापड जाडच होता. पण तो तिनं का टाकावा?
हसली एकदाची.

११ फेब्रु.
सबनीसचा कागद तपासायला हिच्याकडे! दिघ्याच्या कारखान्यातल्या कामगारांची हजेरी मशीननं मांडायची. रात्री बाराला तारीख बदलली की तिसऱ्या पाळीची माणसं मशीनच्या लेखी गैरहजर, म्हणजे पगार कापला. हिला दिसलं, पण पेन्सिल लावली नाही. "कारखान्यात बोंब होऊ दे. मग कळेल कोण झोपेत लिहितो."
शोभतेस माझी नात. दोन घास जास्त जेवली.

१२ फेब्रु.
वसंता, म्हणजे हिचा बाप, सकाळी तिसरी पाळी करून आला. त्याचा कारखाना वेगळा, पण डोळे तेच, तांबारलेले. चहा अर्धा टाकून तिथंच आडवा. ही त्याच्याकडे बघत बसली.
"काय गं?"
"काही नाही."
आज घास कमी.

१३ फेब्रु.
आज ती कागद वाचायची सभा. कागद उद्या मशीनला. चूक सांगायची तर आजच.
मी बजावलं, सगळ्यांसमोर वाच, आवाज चढवून. झोपेत का, ते विचारच.
म्हणते, "बाजूला बोलावून सांगितलं तर?"
बाजूला बोलवायला तो काय जावई आहे?
"आजी, मग त्याच्यात नि माझ्यात फरक काय?"
कसं सांगणार, विचारलं तर घड्याळ बघते. चप्पल घालून झाली. पेन्सिलीला टोक असं काढलंय की भोसकता येईल.