उतारावरचं लाल घर

९ डिसेंबर
पोहोचलो एकदाचा दक्षिण टोकाच्या बर्फात. पुन्ता अरेनासहून निघताना बायकोने लोकरी मोज्यांचा जादा जोड कोंबला तेव्हा हसलो होतो. आज तोच पायात आहे. तळ म्हणजे एक लाल लाकडी घर, बाकी सगळं पांढरं. आचारी मान्सियाने गरम पाव आणि मटणाचं सूप पुढे केलं. मी शाळेत सहावीपर्यंतच, विमानांची उंचीमापकं खोलून-खोलून सगळं स्वतः शिकलो, हे ऐकल्यावर रेडिओवाला ओहेदा म्हणाला, मग मिस्त्री, जपून बोललं पाहिजे, आम्हालाही खोलून ठेवाल.

काम सरळ आहे. महिन्यापूर्वी कॅप्टन कुसानोविचचं विमान मागच्या उतारावर आदळलं. पाचही जण गेले. दोष कोणाचा किती, ते मी ठरवायचं. यंत्रं तपासली; बिनचूक. म्हणजे दोष कॅप्टनचा.

११ डिसेंबर
कॅप्टनचं शेवटचं बोलणं ओहेदाने सांगितलं. तुमचं घर दिसलं, खिडकीत दिवा आहे, अजून बरंच लांब आहे, असं तो म्हणाला होता. यावर ओहेदा म्हणाला होता, या लवकर, सूप गार होतंय. पण त्या दिवशी आपल्या खिडक्या तर झाकलेल्या होत्या, असं मान्सिया बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

१२ डिसेंबर
उतारावर गेलो. वर ढग, खाली बर्फ. जमीन कुठे संपते कळेना. सावलीसुद्धा पडत नव्हती. दूरवर तळाचं लाल घर दिसलं. परतावं म्हणून चार पावलं टाकली, तर गुडघा त्याच्या छपरावर आपटला.

आनिमिता होती ती. अपघातात गेलेल्याच्या आत्म्याला निवारा म्हणून बांधतात ते चिमुकलं घर. तळाच्याच उरलेल्या फळ्या, तोच रंग, तसंच छप्पर. आत मेणबत्ती जळत होती.

कॅप्टनने हेच पाहिलं. जवळचं छोटं घर त्याला लांबचं मोठं वाटलं.

१३ डिसेंबर
मान्सियाने कबूल केलं. मेकॅनिक आर्तेमियो गेल्या हिवाळ्यात तिथल्या बर्फाच्या भेगेत पडून गेला, त्याच्यासाठी सगळ्यांनी मिळून बांधलं. मेलेल्याला उघड्यावर ठेवायचं का मिस्त्री, असं मलाच विचारतो. मेणबत्ती मात्र कोणी लावली नाही, म्हणे. शपथेवर सांगतात.

मी लिहिलं : दोष अख्ख्या तळाचा.

उद्या मला न्यायला विमान येतंय, दोन वैमानिक. रेडिओ नुसता खरखरतोय, त्यांना सावध करता येत नाही. ते चिमुकलं घर पाडा म्हटलं. कोणी उठलं नाही. ओहेदा म्हणाला, पाडलंत तर आर्तेमियो दुसरा निवारा शोधेल.

१४ डिसेंबर, उतारावर
एकटाच आलो. जागेवरच लिहितो, म्हणजे पुढे कोणी नाकारणार नाही. फळ्या उखडून भेगेत टाकल्या. मेणबत्ती विझेना — बर्फात दाबली तेव्हा —

काम चोख झालं.

विमानाचा आवाज. वेळेआधीच.

तळ पलीकडे आहे. मी हात हलवतोय — इकडे नको — वळलं. नाक माझ्याकडे —

माझं जॅकेट लाल आहे. एवढ्या पांढऱ्यात मी एकटाच —

काढतोय. चेन सरकत नाही. आतून कोणीतरी घट्ट धरून —

नोंद घ्यावी. वैमानिकांचा यात काही दोष नाही. त्यांना जे दिसतंय ते —