एका द्राक्षाचा रुसवा

बिश्केक, ५ सप्टेंबर

ति. आईस,
जिपारचा सा. सलाम, वि. वि.

तू ओशला सुखरूप पोचलीस हे मामात-आकेकडून कळलं. तो आपला नेहमीचा टॅक्सीवाला म्हणून बरं, नाहीतर तू तेवढंही कळवलं नसतंस. फोन करावा तर तू बरी आहे एवढं म्हणतेस आणि फोन शेजारच्या तुर्सुनायच्या हातात देतेस. म्हणून हे पत्र, मामात-आकेच्याच हाती.

आता खरं सांग, तू अशी तडकाफडकी का गेलीस? माझं बाळंतपण होईपर्यंत राहायचं म्हणून आली होतीस. आदल्या संध्याकाळी तुझा जावई कुबात कामाला आहे त्या सुपरमार्केटात एकटीच गेलीस, रिकामी पिशवी घेऊन परतलीस, चहाला शिवली नाहीस आणि सकाळी उठून म्हणे कोंबड्यांची आठवण झाली. आई, तुझ्या कोंबड्यांना मी लहानपणापासून ओळखते. त्या कुणावाचून अडून बसत नाहीत.

सासूबाई असत्या तर गोष्ट वेगळी होती. कुबात सकाळी भाजीचे ट्रक उतरवून घ्यायला जातो तो दिवस मावळल्यावर येतो. मीच ओशला यावं म्हटलं तर डॉक्टरीणबाईंनी साफ नाही सांगितलं. दोन-दोन घाट ओलांडत टॅक्सीचे हादरे खायचे नाहीत म्हणाल्या. मी येऊ शकत नाही आणि तू येईनास. मग बाळाचे पहिले चाळीस दिवस मी कुणाच्या जिवावर काढायचे?

तुझं निळ्या फुलांचं भांडं परत पाठवते आहे. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे तू मला चालायच्या आधी शिकवलंस. दुकानातली बिस्किटं भरली आहेत. नाक मुरडू नकोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, जिपार


ओश, ११ सप्टेंबर

चि. सौ. जिपार हीस आईचे अ. उ. आ.

बिस्किटं पोचली. पुड्यात बिस्किटं कमी आणि हवाच जास्त आहे. तुर्सुनायला आवडली. तिला काय, काहीही आवडतं.

विचारतेस म्हणून सांगते. त्या दुकानात मला पहिल्या दिवसापासून करमलं नाही. एवढं मोठं दुकान आणि कुणी कुणाशी बोलत नाही. टोमॅटोचा भाव विचारायला समोर माणूस नाही, नुसता चिकटवलेला कागद. कागदाशी काय घासाघीस करायची? लोक त्या ढकलगाड्या घेऊन अशा चेहऱ्याने फिरतात, जणू घरात कुणाची तब्येत बिघडली आहे. एका फळीवर नान पालथे पडले होते. अन्न कुणी पालथं घालतं का? मी सगळी फळी सुलटी करून ठेवली. तेवढ्यात मागून एक बाई आली आणि मला तिथलीच कामवाली समजून साखर कुठे आहे म्हणाली. मी दाखवली.

मग द्राक्षांकडे गेले. घड उचलला, एक मणी तोंडात टाकला. आपल्या घरात कुणी चाखल्याशिवाय द्राक्षं घेतली आहेत का? बाजारात मी चाखलं नाही तर विकणाराच विचारतो की त्याचं काय चुकलं. इथे पहारेकरी धावत आला. आजी, पैसे भरायच्या आधी तोंडात टाकणं म्हणजे चोरी, असं म्हणाला. मणी थुंकून टाका म्हणाला. सगळ्या रांगेदेखत.

मी थुंकला नाही, गिळला. पण घड खाली ठेवला, पिशवी उलटी करून दाखवली आणि बाहेर पडले. जिपार, या वयापर्यंत मला कुणी चोर म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत माझा उजवा हात मी कोटाच्या खिशात घालून ठेवला होता.

कुबातरावांचं नाव मी तिथे घेतलं नाही. जावयाच्या दुकानात सासू चोरी करताना सापडली, असं कुणी म्हणायला नको. तूही त्यांना सांगू नकोस. आणि त्या शहरात मी आता पाऊल ठेवणार नाही. डॉक्टरीण येऊ देत नसेल तर डॉक्टरीण बदल.

भांड्यात कुरुत आहे, दह्याच्या सुकवलेल्या गोळ्या. तुला आता खारट खावंसं वाटत असेल.

जिवाला जप, रागावलीस तरी लिहीत जा.
तुझी, आई


बिश्केक, १८ सप्टेंबर

ति. सासूबाईंस,
कुबातचा शि. सा. सलाम.

तुम्ही सांगू नकोस म्हणालात, पण तुमचं पत्र वाचून जिपार स्वयंपाकघरात अशी रडली की मला ते वाचावंच लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या फळांवर मी देखरेख करतो, त्यांच्यापाशीच तुमचा अपमान झाला आणि मी तेव्हा मागच्या खोलीत कोबी निवडत बसलो होतो. माझं नाव का नाही घेतलंत? नाव कशासाठी असतं?

पहारेकरी नवा आहे, नारिनकडचा, बोलायला फटकळ. तुम्ही कोण ते सांगितल्यावर त्याचा चेहरा दह्यासारखा पांढरा झाला. त्याच्या स्वतःच्या आईला कळलं तर ती त्याला घरात घेणार नाही म्हणतो. तुम्हाला सलाम सांगितला आहे आणि माफी मागितली आहे.

एक सांगतो, गिऱ्हाइकं मुकी असतात असं मुळीच नाही, ती फक्त दुकानाशी बोलत नाहीत. पुरुष लोण्याचा डबा हातात धरून बायकोला फोन लावतात की हाच का, आणि तो कधीच तो नसतो. बायका पुढचं दूध सोडून कोपरापर्यंत हात घालून मागचं काढतात. शेवटचा चांगला नान कुणीतरी तांदळाच्या पोत्यांमागे दडवून जातं आणि दुपारी परत येऊन नेतं. नानाचं म्हणाल तर आता माझी माणसं रोज सकाळी ते सुलटे करतात. तशी सक्त ताकीदच दिली आहे.

आणि मोठ्या साहेबांच्या मागे लागून मी द्राक्षांपाशी चाखायची बशी मांडली. पहिल्या सकाळी कुणी हात लावीना. सगळे बशीकडे बघत आणि मग पहारेकऱ्याकडे बघत. शेवटी मी त्यालाच पहिला मणी खायला लावला. आता हाल असे आहेत की एक म्हातारबुवा घरून नान घेऊन येतात आणि बशीपाशी उभे राहून न्याहारीच उरकतात.

निळ्या फुलांचं भांडं सोबत पाठवतो आहे, जिपारने त्यात अक्रोड भरले आहेत. तुम्ही या. जिपार दिवसभर खिडकीत बसून मामात-आकेच्या गाडीची वाट बघते. मी काही बोलत नाही, पण मीही बघतो.

लेकरावर कृपा असू द्यावी.
आपला, कुबात


ओश, २६ सप्टेंबर

चि. कुबातराव यांस अ. उ. आ.

तुमचं पत्र तुर्सुनायकडून दोनदा वाचून घेतलं. चष्मा आहे, पण तिच्या तोंडून तुमचं कौतुक ऐकायला बरं वाटतं. म्हातारबुवांना सांगा, चहासुद्धा घेऊन या म्हणावं.

पहारेकऱ्यावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं ते तो बोलला. बशी मांडलीत हेही छान केलंत. पण जावईबापू, बशीतला मणी तुम्ही निवडलेला. मला घडातला मणी माझ्या हाताने निवडायचा असतो. बाजारात हात पुढे केला की मी कोण ते सगळ्यांना कळतं. तिथे हात पुढे करायची मला आता भीती वाटते. भीती हा शब्द मी याआधी फार वापरलेला नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते, जिपारला वाचून दाखवू नका.

मामात-आकेबरोबर एक खरबूज पाठवते आहे. ठोकून, हुंगून, बाजारात तिघांशी भांडून घेतलं आहे. मध आहे मध. तुमच्या दुकानातल्या खरबुजांना एकदा दाखवा म्हणजे त्यांना लाज वाटेल. भांड्यात जर्दाळू आहेत, ते जिपारला.

जिपारला सांभाळा. माझी आठवण आली तर बोलून दाखवत जा, मनात ठेवू नका.
तुमची सासू, ऊलकान


बिश्केक, ४ ऑक्टोबर

ति. आईस,
जिपारचा सा. सलाम, वि. वि.

मला वाचून दाखवू नका असं जे तू लिहितेस, ते मी नेहमी आधी वाचते.

तुझं खरबूज कापलं. काकडीला जास्त चव असते. कुबातने तुझ्या मानाखातर दोन फोडी डोळे मिटून खाल्ल्या आणि वा म्हणाला. तू ठोकलंस, हुंगलंस, तिघांशी भांडलीस आणि तरीही फसलीस. मग आई, तुझा हात चुकू शकतो आणि तरी तो बाजारात उजळ माथ्याने पुढे होतो. मग त्या एका माणसाच्या एका शब्दाने इथे तो खिशात का गेला?

डॉक्टरीणबाईंनी आता मला नुसतं पडून राहायला सांगितलं आहे. उठायचं नाही, वाकायचं नाही. मला भीती वाटते. हा शब्द मी लहानपणापासून वापरत आले आहे आणि दर वेळी तू आलीस. अंधारात आलीस, शाळेत आलीस, लग्नात मंडपामागे मी रडत होते तेव्हाही आलीस.

आता नीट वाच. सोबत तुझं निळ्या फुलांचं भांडं आहे. ते मी रिकामं पाठवते आहे. चुकून नाही, वाटेत कुणी खाल्लेलंही नाही. मामात-आकेने दोनदा विचारलं की आत काही राहिलं का, तो ते न्यायलाही तयार नव्हता. आपल्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल ते मी केलं आहे. ज्या आईने मला हे वळण लावलं, तिला हे बघवत नसेल तर तिने इथे येऊन माझा कान धरावा.

दुसरं काही लिहायचं नाही.
तुझी, जिपार


ओश, ८ ऑक्टोबर

चि. सौ. जिपार हीस,

रिकामं भांडं! तुर्सुनायसमोर उघडलं मी ते. ती तोंडावर हात ठेवून बसली. मी आधी तुझ्या नावाने ओरडले, मग ओट्याला टेकून खूप रडले आणि मग कोंबड्या तिच्या हवाली केल्या.

परवा निघते. मामात-आकेला पुढची सीट राखायला सांगितली आहे. घाटात त्याने गाणी लावायची नाहीत हेही सांगितलं आहे.

कुबातरावांना सांग, आल्यावर आधी तुझा कान धरीन आणि मग त्यांच्या दुकानात जाईन. बशीपाशी नाही, घडांपाशी. उजवा हात खिशात घालणार नाही. दोन मणी तोडीन, एक माझ्या तोंडात आणि दुसरा त्या नारिनच्या फटकळाच्या तोंडात. आंबट निघाले तर दोघं मिळून तुझ्या नवऱ्याकडे तक्रार नेऊ. खरबुजाबद्दल मात्र मी कुणाचं ऐकून घेणार नाही, ते घाटात हादरून बिघडलं असणार.

भांडं मांडीवर घेऊन येते आहे, आणि तेही रिकामंच. तूही त्यात काही घालू नकोस, जर्दाळू नाही, बिस्किटं तर नाहीतच. चाळिसाव्या दिवशी बाळाच्या अंगावर चाळीस चमचे पाणी घालतात ना, ते मी याच भांड्यातून घालणार आहे. तोवर मी कुठे जात नाही.

दार उघडायला तू उठू नकोस.
आई